अस्सल, नक्कल आणि प्रमाणपत्र

१७ ऑक्टोबर २००० रोजी माहिती तंत्रज्ञान कायदा लागू झाला आणि १८७२च्या पुरावा कायद्यात ‘६५ ब’ हे कलम आलं. संगणकातून काढलेली प्रत कोर्टात मांडायची, तर ती कोणत्या यंत्रातून, कशी काढली हे सांगणारं सहीचं प्रमाणपत्र सोबत हवं. पुढची वीस वर्षं डिजिटल पुराव्याचा वाद या एका कागदाभोवती फिरला.

२००५मध्ये संसद हल्ला खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने प्रमाणपत्राविनाही मोबाइलच्या कॉलची नोंद ग्राह्य धरली. २०१४मध्ये अन्वर विरुद्ध बशीर निकालाने ती सवलत काढून घेतली, २०१८मध्ये शफी मोहम्मद प्रकरणात ती काही अंशी परत आली. वादावर पडदा पडला तो जालन्याच्या निवडणूक याचिकेत.

२०१४च्या विधानसभेला अर्जुन खोतकर तिथून २९६ मतांनी निवडून आले. उमेदवारी अर्ज दुपारी तीनची मुदत टळल्यावर घेतले गेले, असा पराभूत उमेदवार कैलास गोरंट्याल यांचा आक्षेप होता. त्यांचा पुरावा म्हणजे निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांच्या कार्यालयातलं व्हिडिओ चित्रण. सीडी मिळाल्या, प्रमाणपत्र मात्र वारंवार मागूनही मिळेना. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने अधिकाऱ्यांच्या साक्षीचा आधार घेऊन निवड रद्द केली. १४ जुलै २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने अपील फेटाळताना नियम स्पष्ट केला: नकलेला प्रमाणपत्र सक्तीचंच, पण मागणाऱ्याने शक्य ते सारं करूनही समोरचा देत नसेल, तर त्याचा फटका मागणाऱ्याला बसू नये.

दरम्यान प्रयोगशाळेतलं कामही अवघड होत गेलं. जप्त हार्ड डिस्क राइट ब्लॉकरला जोडायची, म्हणजे तिच्यावर काही लिहिलं जात नाही. मग बिट-बिट प्रतिमा घ्यायची आणि मूळ व प्रत दोन्हींची हॅश व्हॅल्यू, म्हणजे डेटावरून गणिताने काढलेला ठसा, जुळवायची. एक अक्षर बदललं तरी हॅश बदलतो. हार्ड डिस्कच्या जागी आलेल्या एसएसडीने यात खोडा घातला. पुसलेल्या फाइलींची जागा ती नुसता वीजपुरवठा मिळताच आपणहून साफ करू शकते, मग राइट ब्लॉकर असून उपयोग काय? मोबाइलचं आणखी वेगळं. दुरून डेटा पुसला जाऊ नये म्हणून तो फॅरेडे पिशवीत ठेवावा लागतो, आणि बंद पडला तर एन्क्रिप्शनमुळे पासकोडविना बहुतेक माहिती कुलपातच राहते.

१ जुलै २०२४पासून १८७२च्या कायद्याची जागा घेणाऱ्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ने प्रमाणपत्राचे दोन भाग केले. एकावर पुरावा देणाऱ्याची सही, दुसऱ्यावर तज्ज्ञाची, आणि दोन्हींत हॅश नोंदवायचा. झडती-जप्तीचं चित्रीकरणही आता बंधनकारक आहे. म्हणजे ‘ही प्रत तीच कशावरून?’ या प्रश्नाचं उत्तर खटल्यापर्यंत न थांबता पंचनाम्याच्या वेळीच तयार ठेवावं लागतं. मात्र प्रमाणपत्राच्या नमुन्यात हॅश काढायला एसएचए-२५६ या पद्धतीच्या जोडीला एमडी५चाही पर्याय आहे. एकच एमडी५ हॅश असलेल्या दोन वेगळ्या फाइली बनवता येतात, हे २००४मध्येच सिद्ध झालं होतं. कायद्याला चालत असलं, तरी तपास अधिकाऱ्याने त्या रकान्यावर विसंबू नये.