हार्ट अटॅक होता की नव्हता? एमआरआय काय सांगतो

मी डॉक्टर नाही, कोड लिहून पोट भरतो. पण आजचा विषय मला थेट डिबगिंगसारखा वाटला, म्हणून घेतलाय.

समजा, तिशीतल्या एखाद्याच्या छातीत जोरात दुखलं. रक्तात ट्रोपोनिन वाढलेलं, म्हणजे हृदयाच्या स्नायूला इजा झालीये. पण अँजिओग्राफीत रक्तवाहिन्या मोकळ्या! मग झालं काय? ट्रोपोनिन हा नुसता अलार्म आहे. तो कशामुळे वाजला, हे तो सांगत नाही.

इथे कामाला येतो हृदयाचा एमआरआय. शिरेतून गॅडोलिनियमचं इंजेक्शन देतात आणि साधारण १० मिनिटांनी फोटो काढतात. हे औषध जिवंत पेशींच्या आत शिरत नाही, निरोगी स्नायूतून लवकर निघून जातं. जिथे पेशी मेल्यात, तिथे मात्र ते साठून रेंगाळतं. म्हणून फोटोत निरोगी स्नायू काळा दिसतो आणि मेलेला पांढरा.

आता खरी गंमत, डाग नेमका कुठे आहे? रक्त तुटलं की हृदयाच्या भिंतीचा आतला थर आधी मरतो, मग नुकसान बाहेर सरकतं. त्यामुळे अटॅकचा डाग आतून सुरू होतो आणि एखाद्या रक्तवाहिनीच्या हद्दीतच असतो. मायोकार्डायटिस, म्हणजे स्नायूची सूज असेल, तर डाग बहुतेक वेळा बाहेरच्या किंवा मधल्या थरात सापडतो.

या फरकावर पुढचं सगळं ठरतं. अटॅक असेल तर औषधं बरीच वर्षं चालतात. सूज असेल तर उपचार वेगळे, आणि काही महिने जिम, क्रिकेट बंद. कारण सुजलेल्या हृदयावर ताण आला तर ठोके धोकादायकरीत्या बिघडू शकतात.

डागाची जाडीही बोलते. २००० साली अमेरिकेत रेमंड किम आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की डाग जितका पातळ, तितकी बायपास किंवा अँजिओप्लास्टीनंतर तो भाग पुन्हा नीट आकुंचन पावण्याची शक्यता जास्त.

पण एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. छातीत दुखतंय त्या क्षणी एमआरआय शोधत बसायचं नाही. तो बराच वेळ घेतो, आणि तिकडे दर मिनिटाला स्नायू मरत असतो. आधी १०८ ला फोन, मग ईसीजी. आणि पुढे कधी एमआरआय ठरलाच, तर पेसमेकर किंवा किडनीचा त्रास आहे का, हे आधीच सांगा.