पास आऊट : पदवी मिळाली की भोवळ आली?

चेन्नईत विमानतळाकडे जाताना परंगीमलई लागतं, म्हणजे सेंट थॉमस माउंट. तिथे लष्कराची ऑफिसर्स ट्रेनिंग अकॅडमी आहे, १९६३ पासूनची. १९९२ पासून मुलीही तिथे शिकतात. प्रशिक्षण संपलं की तिथे जे संचलन होतं, ते 'पासिंग आऊट परेड'. आजचं आपलं क्रियापद हेच : 'पास आऊट'.

ब्रिटिश इंग्रजीत लष्करी किंवा पोलीस प्रशिक्षण पूर्ण करून बाहेर पडणं, हा त्याचा एक अर्थ. आपण तो कॉलेजलाही लावला. 'कॉलेजमधून बाहेर पडलो' असं आपण मराठीत म्हणतोच, त्यामुळे तो कानाला खटकलाही नाही.

पण रोजच्या इंग्रजीत 'पास आऊट' म्हणजे शुद्ध हरपणं. उन्हाने, भुकेने नाहीतर दारूने. चेन्नईच्या उन्हात तासभर ताठ उभा राहिलेला एखादा छात्र पासिंग आऊट परेडमध्येच 'पास आऊट' होऊ शकतो!

आता विचार करा. पुण्या-नागपुराकडची मुलं इथे आयटीत नोकरीला येतात. मुलाखतीत समोर अमेरिकन माणूस असतो आणि आपण सांगतो, 'आय पास्ड आऊट इन २०१९.' तो क्षणभर गोंधळतो, आणि नेमक्या त्याच क्षणी आपला आत्मविश्वास डळमळतो. त्यापेक्षा 'आय ग्रॅज्युएटेड इन २०१९' म्हणा. कॉलेजचं नाव घ्यायचं तर मध्ये 'फ्रॉम' हवं. पदविका असेल तर 'आय कम्प्लीटेड माय डिप्लोमा'. दहावी-बारावीला नुसतं 'पास' पुरे, 'आऊट' कशाला?

'२०२४ पासआऊट' असं नोकरीच्या जाहिरातींत सर्रास छापतात. त्याला मी चूक म्हणणार नाही. ते भारतीय इंग्रजी आहे, इथे सगळ्यांना कळतं. ऐकणारा कोण, एवढं बघा.

एक मात्र इथेही चुकीचंच : 'आय पास्ड आऊट माय डिग्री.' या दोन्ही अर्थांत क्रियापद अकर्मक आहे. कर्म जोडलंत की तिसराच अर्थ निघतो, वाटणं. 'टीचर पास्ड आऊट द पेपर्स', म्हणजे बाईंनी पेपर वाटले. म्हणजे तुम्ही तुमची पदवी वर्गात वाटलीत! आणि या अर्थात सर्वनाम आलं तर ते मध्येच बसतं : 'पास देम आऊट'. 'पास आऊट देम' नाही.