फोल्डर आत्याचा, परवानगी कुणाची?

आत्याचा जुना कॉम्प्युटर गेल्या उन्हाळ्यात कायमचा बंद पडला. मदरबोर्ड गेला होता, हार्ड डिस्क मात्र शाबूत होती. ती काढून केसिंगमध्ये घातली आणि यूएसबीने माझ्या लॅपटॉपला जोडली. 'युजर्स'मध्ये आत्याच्या नावाचा फोल्डर दिसला. काकांच्या पंचाहत्तरीचे फोटो त्यातच होते. डबल क्लिक केलं, तर समोर पाटी आली : या फोल्डरमध्ये जायची परवानगी तुम्हाला सध्या नाही. शेजारी बसलेली आत्या म्हणाली, "अरे, फोटो माझे आणि मलाच परवानगी नाही?"

प्रश्न रास्त होता. पण विंडोजला आत्या ठाऊकच नसते. खातं उघडलं की मशीन त्याला एक लांबलचक क्रमांक देतं. एस-1-5-21 अशी त्याची सुरुवात, पुढे तीन भलेमोठे आकडे आणि शेवटी हजाराच्या घरातला एक छोटा आकडा. फाइल कुणाची, कुणी वाचायची, कुणी पुसायची, हे सगळं या क्रमांकाच्या नावे टिपलेलं असतं. माझ्या लॅपटॉपवर आत्याच्याच नावाचं आणि पासवर्डचं खातं उघडलं असतं, तरी क्रमांक वेगळाच पडला असता. फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये 'सिक्युरिटी' उघडून पाहिलं, तर यादीत 'अनोळखी खातं' आणि पुढे ती आकड्यांची माळ. सातबाऱ्यावर नाव शाबूत आहे, पण ते ओळखणारा तलाठीच बदलून गेला आहे, अशी ही गत.

त्या यादीत आणखी एक ओळ होती, आणि आमचं काम तिनेच केलं : 'अ‍ॅडमिनिस्ट्रेटर्स', पूर्ण अधिकार. या गटाचा क्रमांक जगातल्या प्रत्येक विंडोज मशीनवर एकच असतो, एस-1-5-32-544. माझं खातं त्या गटात होतं. मग दार आधी अडलं का?

त्यासाठी थोडं मागे जावं लागतं. विंडोज 95 आणि 98 ज्या पद्धतीने डिस्कवर फाइली मांडायचे, त्या फॅट पद्धतीत मालकाचा रकानाच नव्हता. ज्याच्या हाती माउस, त्याला सगळं घर मोकळं. जागा करायला म्हणून 'विंडोज' फोल्डरमधल्या अनोळखी फाइली पुसाव्यात आणि दुसऱ्या दिवशी मशीन सुरूच होऊ नये, इतकं ते सोपं होतं. डेव्ह कटलर 1988 मध्ये डिजिटल इक्विपमेंट कंपनीतून मायक्रोसॉफ्टमध्ये आले. त्यांच्या चमूने घडवलेली विंडोज एनटी 1993 मध्ये बाजारात आली, तीत प्रत्येक फाइलीला मालक आणि परवानग्यांची यादी होती. 2001 च्या एक्सपीबरोबर ही रचना घराघरांत पोचली खरी, पण बहुतेक घरांत सगळे अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणूनच लॉगइन करत. पहारेकरी नेमला आणि किल्ल्यांचा जुडगा येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाच्या हातात दिला, असं झालं.

2007 च्या व्हिस्टाने हे बदललं. तेव्हापासून अ‍ॅडमिनिस्ट्रेटर लॉगइन झाला की विंडोज त्याच्यासाठी दोन ओळखपत्रं बनवतं, एक पूर्ण अधिकारांचं आणि एक साधं. रोजची कामं साध्यावर चालतात. त्यात 544 हा गट असतो, पण त्याच्यापुढे खूण असते : प्रवेश देताना हा धरू नये, नाकारताना मात्र धरावा. मला ही खूण फार अर्थपूर्ण वाटते. तुम्ही डाउनलोड केलेला एखादा फुकटचा गेम तुमचंच ओळखपत्र गळ्यात घालून धावत असतो. फोल्डरपाशी उभे तुम्ही आहात की तो, हे मशीनला कळत नाही. म्हणून ते पडदा अंधुक करतं आणि होकार विचारतं. त्या अंधुक पडद्यावरचं बटन साध्या प्रोग्रामला दाबता येत नाही.

विंडोजच्या स्वतःच्या फाइली तर अ‍ॅडमिनिस्ट्रेटरच्याही मालकीच्या नसतात. बहुतेकींचा मालक 'ट्रस्टेडइन्स्टॉलर', म्हणजे अपडेट बसवणारी सेवा. अधिकारी माणसापासूनही जपायचं, हा हट्ट वाटेल. पण 1960 च्या दशकात अमेरिकेतल्या एमआयटीमधल्या सीटीएसएस या सामायिक कॉम्प्युटरवर काय झालं ते पाहा. दोन जबाबदार माणसं एकाच वेळी एकच एडिटर वापरत होती. एक जण रोजची सूचना लिहीत होता, दुसरा पासवर्डची फाइल दुरुस्त करत होता. तात्पुरत्या फाइलीचं नाव एकच असल्याने दोन्हींची अदलाबदल झाली आणि लॉगइन करणाऱ्या प्रत्येकाला सूचनेच्या जागी सगळ्यांचे पासवर्ड दिसले. चोर कुणीच नव्हता.

सी ड्राइव्हवरचा 'डॉक्युमेंट्स अँड सेटिंग्ज' कधी उघडून पाहिलाय? लपवलेल्या आणि संरक्षित सिस्टम फाइली दाखवायला सांगितल्या की तो दिसतो, आणि अ‍ॅडमिनिस्ट्रेटरलाही आत घेत नाही. अनेकांना वाटतं, आत काही गुपित आहे. तो फोल्डर मुळात फोल्डरच नाही. जुन्या प्रोग्रामना नव्या 'युजर्स'कडे वळवणारी ती पाटी आहे. पूर्ण पत्ता माहीत असलेला प्रोग्राम तिच्यातून पलीकडे जातो, आत काय काय आहे विचारणाऱ्याला मात्र नकार मिळतो. यालाही कारण आहे. अशाच काही पाट्या ज्या फोल्डरमध्ये असतात, त्याच फोल्डरकडे बोट दाखवतात. परवानगी बदलून त्या मोकळ्या केल्या, तर बॅकअप घेणारा एखादा प्रोग्राम 'अ‍ॅप्लिकेशन डेटा'च्या आत 'अ‍ॅप्लिकेशन डेटा', त्याच्या आत पुन्हा तोच, असा गरगर फिरत राहू शकतो.

म्हणून माझं सांगणं असं : फोल्डर आपल्या कागदपत्रांचा, फोटोंचा असेल तर खुशाल मालकी घ्या. 'विंडोज'ला किंवा 'सिस्टम व्हॉल्यूम इन्फॉर्मेशन'ला जागेसाठी हात लावू नका. सेटिंग्जमधलं 'स्टोरेज' ते काम नीट करतं. मॅकवर तर 2020 च्या बिग सरपासून सिस्टमचा सगळा भाग डिजिटल सहीने मोहोरबंदच केलेला असतो.

आम्ही त्या पहिल्या पाटीवरचं 'कंटिन्यू' दाबलं. म्हणजे मी पूर्ण ओळखपत्र पुढे केलं, आणि विंडोजने आतल्या एकेका फाइलीच्या यादीत माझा क्रमांक चढवला. हिरवी पट्टी हळूहळू सरकली. पहिल्याच फोटोत काका फेटा सावरत होते.

सगळे फोटो उतरवून झाल्यावर आत्या म्हणाली, "मग आता ही डिस्क भंगारात दिली तरी चालेल ना? परवानगीशिवाय कुणाला उघडणारच नाही." मी तिला थांबवलं. परवानग्यांची यादी डिस्कवर उघडीच लिहिलेली असते आणि ती पाळायची की नाही, हे त्या वेळी चालू असलेली सिस्टम ठरवते. पेन ड्राइव्हवरून लिनक्स सुरू केलं, तर ते ही यादी न विचारता सगळं वाचू शकतं. बिटलॉकरसारखं एन्क्रिप्शन असतं, तर मजकूरच कुलूपबंद झाला असता. या डिस्कवर ते नव्हतं. मी फॉरमॅटची खिडकी उघडली आणि 'क्विक'पुढची खूण काढली. म्हणजे विंडोज नुसती अनुक्रमणिका पुसून थांबत नाही, सगळ्या डिस्कवर शून्यं लिहितं. रात्री लावलेलं ते काम सकाळी संपलं होतं.