ठिबक बसवलं, पाणी वाचलं, मग बोअर का आटला?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, किंवा जे लोकलमध्ये इयरफोन विसरून बसलेत, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा भागाचा लेखी मजकूर. बोलताना जिथे अडखळलो ते काढलंय, बाकी जवळजवळ तसंच ठेवलंय.

आजचा प्रश्न मोठा आहे. पाणी, कोळसा, तेल, जमीन हे सगळं मोजकं असताना अर्थव्यवस्था दरवर्षी वाढतच राहील का? पण सुरुवात मी आमच्या घरातल्या भांडणापासून करणार आहे. कारण त्या भांडणाच्या मुळाशी माझी एक एक्सेल शीट आहे.

माझ्या शीटमधला बग

आमचं गाव नगर जिल्ह्यात, म्हणजे आताच्या अहिल्यानगरमध्ये. पाऊस बेताचा. २०१८ मध्ये मी बीटेकच्या तिसऱ्या वर्षाला होतो. तेव्हा आमचं दोन एकर डाळिंब होतं, पाटपाण्यावर. बाकी जमीन जिरायत, तिच्यात बाजरी नाहीतर तूर. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ठिबक बसवायचं ठरवलं आणि मला म्हणाले, "इंजिनीअर होतोयस ना? मग हिशोब करून दे."

मी लॅपटॉप उघडला. ठिबकनं ४० टक्के पाणी वाचेल असं धरलं. म्हणजे जेवढ्या पाण्यात दोन एकर भिजायचे, तेवढ्यातच सव्वातीन एकर भिजणार. ती ओळ मी ठळक अक्षरांत लिहिली, खाली हिरवा रंग दिला. खरं सांगतो, फार भारी वाटलं होतं.

अण्णांनी सव्वातीन एकर लावलं. एका वर्षी भाव चांगला मिळाला, मग पाच एकर झालं. आमचं बघून तात्यांनी लावलं, शेजाऱ्यांनी लावलं. आमचा बोअर आधी २५० फुटांचा होता. २०२१ मध्ये ४५० फुटांचा नवा घेतला. २०२३ च्या दुष्काळात ६०० वर गेलो. आणि या दिवाळीत माझा चुलतभाऊ म्हणाला, "पाणाड्यानं जागा दावलीय. आठशेपर्यंत गेलो की लागतंय बघ पाणी. तू फक्त पैशाचं बघ."

पैसे मी देणार होतो. पगार माझा, म्हणून प्रश्न माझ्याकडे आला. मी लगेच हो म्हटलं नाही. रात्री ती जुनी शीट उघडली आणि त्यात दोन बग सापडले.

पहिला बग असा. पाटानं पाणी दिलं की काही उडून जायचं, काही झाडं प्यायची, आणि बरंच जमिनीत मुरायचं. हे मुरलेलं पाणी मी 'वाया' या रकान्यात टाकलं होतं. पण ते वाया जात नव्हतंच. त्यातलं बरंचसं झिरपून परत विहिरीत येत होतं, आमच्या नाहीतर बांधाशेजारच्या काकूंच्या. ठिबकनं ते मुरणं थांबलं. वर पाच एकर झाडं उभी राहिली, आणि झाडानं प्यायलेलं पाणी पानांतून हवेत जातं, ते विहिरीत परत येत नाही. म्हणजे पंप कमी वेळ चालला तरी जमिनीतून कायमचं गेलेलं पाणी वाढलं.

दुसरा बग त्याहून साधा. वाचलेलं पाणी शिल्लक ठेवायचं, असं शीटमध्ये कुठे लिहिलेलंच नव्हतं. वाचलं की वापरायचं, हेच गृहीत होतं.

हे कोळशाच्या बाबतीत १८६५ मध्ये लिहून ठेवलंय

विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स नावाचा एक इंग्लिश अर्थतज्ज्ञ होता. १८६५ मध्ये त्यानं 'द कोल क्वेश्चन' हे पुस्तक काढलं तेव्हा त्याचं वय होतं २९. म्हणजे साधारण माझ्याएवढाच. इंग्लंडचा कोळसा किती पुरेल, हा त्याचा प्रश्न. तेव्हा लोक म्हणायचे, काळजी कशाला? इंजिनं सुधारतायत, तेवढ्याच कामाला कमी कोळसा लागतोय.

जेव्हन्सचं म्हणणं नेमकं उलटं होतं. जेम्स वॉटच्या इंजिनानं आधीच्या इंजिनांपेक्षा खूप कमी कोळसा खाल्ला. पण त्यामुळे वाफेवर काम करणं स्वस्त झालं. स्वस्त झाल्यावर जिथे परवडत नव्हतं तिथेही इंजिनं आली, खाणींत, गिरण्यांत, रेल्वेत. एका इंजिनाचा कोळसा कमी झाला, देशाचा वाढला. याला आज 'जेव्हन्सचा विरोधाभास' म्हणतात.

तुमच्या हातातला मोबाईलच बघा. २०१६ पर्यंत आपण एक जीबी डेटा महिनाभर पुरवायचो. व्हिडिओ बघायचा तर कुणाचं तरी वायफाय शोधायचो. मग डेटा स्वस्त झाला. आपण तेवढेच व्हिडिओ कमी पैशांत बघितले का? नाही. आज भारतात एक माणूस महिन्याला सरासरी २० जीबीच्या वर डेटा वापरतो.

माझ्या कामात हे मी रोज बघतो. एकदा आमच्या टीमनं एका सेवेचा कोड सुधारला, सर्व्हरचा वेळ निम्म्यावर आला. टाळ्या वाजल्या, केक कापला. सहा महिन्यांनी सर्व्हरचं बिल आधीपेक्षा जास्त. कारण 'आता परवडतंय ना' म्हणून तीन नवी फीचर्स त्यावर चढवली होती. हेच मोठ्या प्रमाणावर बघा. चिप दर पिढीला कमी विजेत जास्त काम करते, तरी आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या अंदाजानुसार जगातल्या डेटा सेंटरांनी २०२४ मध्ये सुमारे ४१५ अब्ज युनिट वीज वापरली, आणि २०३० पर्यंत ती दुपटीहून जास्त होईल.

हे दरवेळी इतकंच टोकाचं होतं असं नाही. घरात एलईडी बल्ब लावला म्हणून कुणी दहा बल्ब लावत नाही. उजेड पुरेसा झाला की माणूस थांबतो. पण जिथे भूक पुरी होत नाही, म्हणजे नफा, जमीन, डेटा, तिथे बचत ही पुढच्या वाढीचं इंधन बनते.

टक्का छोटा दिसतो

आता थोडं गणित. कुठलीही गोष्ट दरवर्षी ठरावीक टक्क्यांनी वाढत असेल, तर ७० ला त्या टक्क्यानं भागा. साधारण तेवढ्या वर्षांत ती दुप्पट होते. ७ टक्के वाढ म्हणजे १० वर्षांत दुप्पट, २० वर्षांत चौपट, ३० वर्षांत आठपट.

कॅलिफोर्निया विद्यापीठात सॅन डिएगोला टॉम मर्फी नावाचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक होते. त्यांनी एक हिशोब मांडला. जगाचा ऊर्जावापर वर्षाला फक्त २.३ टक्क्यांनी वाढला तर शंभर वर्षांत दहापट होतो. चारशे वर्षांत दहा हजारपट. ऊर्जा कितीही स्वच्छ असू दे, वापरली की शेवटी तिची उष्णता होते. तेवढ्या उष्णतेनं सुमारे चारशे वर्षांत पृथ्वीचा पृष्ठभाग पाणी उकळण्याइतका तापेल. असं होणार आहे, असं त्यांचं म्हणणं नाही. त्याच्या खूप आधी वाढ थांबणार, एवढंच गणित सांगतं.

१९७२ मध्ये एमआयटीतल्या डोनेला मेडोज, डेनिस मेडोज आणि सहकाऱ्यांनी हेच संगणकावर करून बघितलं. लोकसंख्या, उद्योग, अन्न, प्रदूषण आणि संपणारी साधनं एकमेकांना जोडून 'वर्ल्ड थ्री' नावाचं मॉडेल बनवलं. पुस्तकाचं नाव 'द लिमिट्स टू ग्रोथ'. लोकांना त्यातला विनाशाचा आलेखच आठवतो. पण त्यात असेही आलेख होते जिथे माणसं वेळेत हात आखडता घेतात आणि जग बऱ्यापैकी स्थिर राहतं. नुसतं तंत्रज्ञान घातलं तर मॉडेलमध्ये कोसळणं सहसा पुढे ढकललं जायचं. तंत्रज्ञानासोबत मर्यादाही घातली की ते टळायचं.

पगार आणि एफडी

आमच्या बोअरकडे परत येऊ. पाऊस म्हणजे महिन्याचा पगार. जमिनीखालचं साठलेलं पाणी म्हणजे एफडी. आपल्याकडे दख्खनचा काळा खडक आहे. त्यात पाणी मुख्यतः वरच्या मुरमात आणि खडकाच्या भेगांत राहतं. म्हणजे एफडी मुळातच छोटी. खोल गेलं की भेगा कमी होत जातात, आणि तिथे पाऊस मुरून पोचायला फार वेळ लागतो. आठशे फुटांवर पाणी लागलं तर तो पगार वाढलेला नसतो. आजोबांची एफडी मोडलेली असते.

शिवाय वर आणायची वीज. हजार लिटर पाणी ६०० फुटांवरून उचलायला नुसत्या भौतिकशास्त्रानुसार सुमारे अर्धा युनिट लागतो, मोटरीतली गळती धरली तर एकाच्या आसपास. २५० फुटांवर हेच निम्म्याहून कमी होतं. डाळिंब तेच, पाणी तेच, खर्ची पडणारी ऊर्जा दुप्पट. तेलाचंही असंच आहे. सोपं आधी निघतं, मग उरलेलं काढायला जास्त ऊर्जा घालावी लागते.

सौरपंपानं बिलाचा प्रश्न सुटेल. पण मग उपसा थांबवायला बिलाचंही कारण उरत नाही.

हिवरे बाजारनं काय वेगळं केलं?

आमच्याच जिल्ह्यात हिवरे बाजार आहे. पाऊस साधारण ४०० मिलीमीटर, म्हणजे आमच्यापेक्षा नशीबवान अजिबात नाही. १९८९ मध्ये पोपटराव पवार सरपंच झाले. त्यांना २०२० मध्ये पद्मश्री मिळाली, हे तुम्ही वाचलं असेल. गावानं डोंगरावर चर खणले, बांध घातले, झाडं लावली. हे सगळे सांगतात. पण इंजिनीअर म्हणून मला दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते.

त्यांनी नियम केले. शेतीला बोअर घ्यायचा नाही. ऊस-केळीसारखी तहानलेली पिकं घ्यायची नाहीत. चराई मोकाट नाही, कुऱ्हाड नाही. आणि दरवर्षी पाण्याचा ताळेबंद. पाऊस मोजायचा, किती पाणी हाताशी आहे ते काढायचं. आधी माणसांचं आणि जनावरांचं, थोडं राखीव, उरेल ते शेतीला. पाऊस कमी झाला तर रब्बीला काय पेरायचं ते त्या हिशोबानं ठरतं.

माझी शीट सुरू व्हायची 'किती एकर?' पासून. त्यांची सुरू होते 'किती पाऊस?' पासून. फरक तेवढाच आहे, पण सगळा तिथेच आहे. काटकसर दोन्हीकडे असते. त्यांच्याकडे वर झाकण आहे, म्हणून वाचलेलं पाणी खरंच वाचतं.

आणि गाव गरीब राहिलं का? नाही. भाजीपाला, दूध वाढलं, बाहेर गेलेली कुटुंबं परत आली.

मर्यादा कुणाला?

हा प्रश्न टाळता येत नाही. भारतात वर्षाला माणशी सुमारे १४०० युनिट वीज लागते, अमेरिकेत त्याच्या आठ-नऊ पट. ज्याच्या घरात पंखा नाही त्याला 'कमी वापर' सांगणं हा उद्धटपणा आहे. मर्यादेची भाषा वरून सुरू व्हायला हवी.

पण मर्यादा नसणं म्हणजे सगळ्यांना सारखी मोकळीक, असंही नाही. आमच्या शिवारात सगळ्यात आधी आटली ती काकूंची विहीर, ४० फुटांची. बोअर घ्यायला त्यांच्याकडे पैसे नव्हते. आता त्या दुसऱ्यांच्या डाळिंबात तोडणीला जातात, कधी आमच्याही. ज्याच्या खिशात पैसे तो खोल जातो, आणि मर्यादा गुपचूप गरिबाच्या वाट्याला येते. नियम ठरवला नाही तरी मर्यादा असतेच. फक्त ती कुणावर पडणार, हे ठरवायची संधी हातची जाते.

मग आठशे फुटांचं काय?

मी दादाला म्हटलं, बोअर नको. पाचाचं तीन एकर करू, मला जमेल तसे पैसे टाकतो, विहिरीची पातळी दर महिन्याला मोजू. त्यानं एकच प्रश्न विचारला, "आपण थांबलो तर बाकीचे थांबणार हायेत का?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. तो बरोबर बोलत होता. एकट्यानं पाळलेली मर्यादा म्हणजे शेजाऱ्याला दिलेलं पाणी. हिवरे बाजारचा नियम एका शेतकऱ्याचा नव्हता, गावाचा होता.

अण्णा इतका वेळ गप्प होते. शेवटी म्हणाले, "मग ग्रामसभेत बोल की. मोबाईलवर बोलतोसच."

तर २६ जानेवारीला सुट्टी टाकलीय. नवी शीट बनवतोय. पहिला रकाना पावसाचा, दुसरा विहिरींच्या पातळीचा, एकराचा रकाना सगळ्यात शेवटी. लोक ऐकतील की हसतील, माहीत नाही. बोअरची गाडी मात्र तोपर्यंत थांबवलीय.

तुमच्या गावात किंवा सोसायटीत बोअर असेल तर एक काम करा. तो किती फुटांचा आहे आणि दहा वर्षांपूर्वी पाणी किती फुटांवर होतं, हे घरातल्या मोठ्यांना विचारा. मला व्हॉइस नोट पाठवा. ग्रामसभेत काय झालं ते पुढच्या भागात सांगतो. तोपर्यंत काळजी घ्या, भेटू.