अंमली मालाची वाट आणि शेजाऱ्यांचा विश्वास

बुखारा आणि समरकंद ही नावे आपल्या घरांत परकी नाहीत. हदीसचे महान संकलक इमाम बुखारी बुखाऱ्याचे. हिंदुस्थानात मोगल राज्य स्थापन करणारा बाबर फरगाण्याचा. ज्या वाटांनी एके काळी रेशीम, कागद आणि ग्रंथ गेले, त्यांच्या आसपासच्याच वाटांनी गेली तीस-पस्तीस वर्षे अफू आणि हेरॉईन जात आले आहे. माल पिकवणारा शेतकरी मुसलमान, तो पाठीवर वाहून नेणारा गरीब मुसलमान आणि त्याच्या आहारी जाणाऱ्या तरुणांतही असंख्य मुसलमान. म्हणून हा विषय दूरचा समजून बाजूला ठेवणे आम्हाला योग्य वाटत नाही.

आधी नकाशा पाहू. अफगाणिस्तानच्या उत्तरेला ताजिकिस्तान, उझबेकिस्तान आणि तुर्कमेनिस्तान हे तीन देश लागून आहेत. त्यांच्या पलीकडे किर्गिझस्तान व कझाकस्तान आणि त्यापुढे रशियाची मोठी बाजारपेठ. ताजिकिस्तान आणि अफगाणिस्तान यांची सीमा सुमारे १,३५० किलोमीटरची आहे. तिचा बराचसा भाग म्हणजे पंज नदी. हीच पुढे आमू दर्या होते. पामीरच्या डोंगरांत कित्येक ठिकाणी ही नदी इतकी अरुंद आहे की एका काठावरची माणसे दुसऱ्या काठावरून दिसतात. दोन्हीकडे भाषा एक, नातीगोती एक. अशा ठिकाणी फक्त पहारा बसवून माल थांबेल, असे मानणे भाबडेपणाचे आहे.

१९९१ साली सोव्हिएत संघ कोसळला. ताजिकिस्तानात १९९२ ते १९९७ यादवी युद्ध झाले. कारखाने बंद पडले. कित्येक घरांतील कर्ते पुरुष मारले गेले. उरलेले मजुरीसाठी रशियात गेले. मागे राहिलेल्या बायकांपैकी काहींनी मुलांच्या पोटासाठी अंगावर पुड्या लपवून नेण्याचे काम पत्करले. पकडल्या गेल्या त्या याच. मालाचे खरे मालक क्वचितच सापडले. २००५ पर्यंत या सीमेवर रशियन सैनिकांचा पहारा होता. नंतर ही जबाबदारी ताजिकिस्तानने स्वतःकडे घेतली. त्याआधी, १९९९ मध्ये, संयुक्त राष्ट्रसंघाच्या मदतीने तेथे अंमली पदार्थ नियंत्रणाची स्वतंत्र यंत्रणा उभी राहिली होती.

पण एकट्या देशाचे हे काम नाही. तस्कराची टोळी पाच देशांत पसरलेली असते आणि तिला परवानगी लागत नाही. पोलीस अधिकाऱ्याचा अधिकार मात्र त्याच्या देशाच्या वेशीवर संपतो. ट्रक निघाल्याची खबर एका देशात मिळाली, तर ती पुढच्या देशाला ट्रक पोहोचण्यापूर्वी कळायला हवी. हीच खबर राजधानीतून राजधानीत पत्राने गेली, तर तोवर माल विकूनही झालेला असतो.

ही उणीव भरून काढण्यासाठी कझाकस्तानातील अल्माटी येथे २००९ मध्ये मध्य आशियाचे प्रादेशिक माहिती व समन्वय केंद्र सुरू झाले. मध्य आशियाचे पाच देश, रशिया आणि अझरबैजान असे सात देश त्याचे सदस्य आहेत. कोणावर संशय आहे, कोणती वाट वापरात आहे, माल कशात लपवला जातो, ही माहिती येथे एकत्र येते. कधी कधी पकडता येण्याजोगा माल पोलीस मुद्दाम पुढे जाऊ देतात आणि त्यावर सीमेपलीकडेही नजर ठेवतात. वाटेत धरला तर हाती फक्त चालक लागतो. शेवटपर्यंत जाऊ दिला तर माल घेणारा आणि पैसे पुरवणाराही सापडू शकतो. मात्र त्यासाठी एका देशाच्या अधिकाऱ्याने दुसऱ्या देशाच्या अधिकाऱ्यावर पूर्ण भरवसा ठेवावा लागतो.

येथेच घोडे अडते. गुप्त माहिती शेजाऱ्याला दिली आणि तिथल्या एखाद्या लाचखाऊ अधिकाऱ्याने ती टोळीला विकली तर? ही भीती खोटी नाही. शिवाय शेजारीच एकमेकांशी लढत असतील तर खबर कोण कोणाला देणार? सप्टेंबर २०२२ मध्ये किर्गिझस्तान आणि ताजिकिस्तान यांच्या सीमेवर चकमकी होऊन दोन्ही बाजूंची मिळून शंभरावर माणसे मेली. अखेर मार्च २०२५ मध्ये दोन्ही देशांच्या राष्ट्राध्यक्षांनी सीमा निश्चित करणाऱ्या करारावर सही केली. बातम्यांत हा करार जमीन, पाणी आणि रस्त्यांचा म्हणून आला. आमच्या मते तो तस्करीविरुद्धचाही करार आहे, कारण भांडणाऱ्या शेजाऱ्यांमधली मोकळी जागा चोराच्याच कामी येते.

आता मालाच्या उगमाकडे येऊ. एप्रिल २०२२ मध्ये तालिबानने खसखशीच्या लागवडीवर बंदी घातली. इस्लाममध्ये नशा हराम आहे, त्यामुळे तत्त्वाबद्दल वाद नाही. संयुक्त राष्ट्रसंघाच्या पाहणीनुसार २०२२ मध्ये २,३३,००० हेक्टर असलेली लागवड २०२३ मध्ये १०,८०० हेक्टरवर आली, म्हणजे ९५ टक्के घट. पण त्याच पाहणीतला दुसरा आकडाही वाचला पाहिजे. अफू विकून शेतकऱ्यांना मिळणारे उत्पन्न १३६ कोटी डॉलरवरून ११ कोटी डॉलरवर आले. ज्याच्या हातचे पीक गेले त्याला पाणी, बियाणे आणि बाजार मिळाला नाही, तर बंदी किती काळ टिकेल? २००० सालीही तालिबानने अशीच बंदी घातली होती. सत्ता जाताच शेते पुन्हा खसखशीने भरली. हरामापासून रोखायचे असेल तर हलाल रोजीची सोयही करावी लागते, आणि ही जबाबदारी जगानेही वाटून घ्यायला हवी.

माल फक्त अफगाणिस्तानातून बाहेर जातो असेही नाही. अफूचे हेरॉईन करण्यासाठी ॲसेटिक अनहायड्राइड नावाचे रसायन लागते. औषधनिर्मितीत त्याचा रीतसर वापर होतो, पण चोरवाटेने ते अफूच्या भट्ट्यांपर्यंत जाते. १९८८ च्या संयुक्त राष्ट्रसंघाच्या करारानुसार अशा रसायनांवर नजर ठेवणे देशांना बंधनकारक आहे. आता तर शेत लागतच नाही. मध्य आशियातील शहरांत मेफेड्रोनसारखी कारखान्यात बनणारी नशा पसरते आहे आणि तिचा सौदा मोबाइलवर होतो.

तिसरी बाजू रुग्णाची. तस्करीच्या वाटेवरच्या गावांत सुईने नशा करणारे वाढले आणि त्यांच्यामागोमाग एचआयव्ही आला. किर्गिझस्तानने २००२ पासूनच डॉक्टरांच्या देखरेखीखाली मेथाडोन देऊन उपचार सुरू केले. रशियात मात्र त्याला बंदी आहे. तस्कराला धरण्यासाठी जे देश एकत्र बसतात, ते रुग्णाला वाचवण्यासाठी एकत्र बसत नाहीत, हे आम्हाला खटकते.

आपला या सगळ्याशी संबंध काय? सप्टेंबर २०२१ मध्ये गुजरातच्या मुंद्रा बंदरात दोन कंटेनरमध्ये जवळपास तीन हजार किलो हेरॉईन सापडले. कागदोपत्री तो टाल्कचा दगड होता. माल अफगाणिस्तानचा, इराणच्या बंदर अब्बासमार्गे आलेला. म्हणजे उत्तरेची वाट अवघड झाली की माल दक्षिणेची वाट धरू शकतो. आणि मेफेड्रोन म्हणजे आपल्याकडची ‘एमडी’. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी कुरकुंभच्या कारखान्यातून तिचा शेकडो किलोंचा साठा पकडला.

देशांना जो नियम लागू आहे तोच मोहल्ल्यालाही. माहिती लपली की विष पसरते. मुलगा नशेत अडकला तर इज्जतीपोटी घर गप्प राहते, शेजारी दार लावून घेतात आणि पुडी विकणारा निवांत असतो. मुलाला मारून, हाकलून काही साधत नाही. त्याला वेळेत डॉक्टरकडे नेणे आणि विकणाऱ्याची खबर योग्य ठिकाणी देणे, ही दोन्ही कामे सोबतीशिवाय होत नाहीत. मशिदीच्या कमिटीने, शाळेच्या शिक्षकांनी आणि डॉक्टरांनी महिन्यातून एकदा एकत्र बसावे, एवढीच आमची विनंती आहे. पंज नदीच्या काठावर जे विश्वासाशिवाय जमत नाही, ते आपल्या गल्लीतही जमणार नाही.