शुष्क वनस्पती-नमुना : औषधीची खरी साक्ष

चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या पहिल्याच अध्यायात औषधींची नावे व रूपे गुराखी, मेंढपाळ व वनवासी जाणतात, असे म्हटले आहे. केवळ नामरूप जाणणे पुरेसे नाही, असेही बजावले आहे. आज आपली स्थिती उलट झाली आहे. योग मुखोद्गत असतात, परंतु द्रव्याचे रूप पारखण्याचे काम आपण व्यापाऱ्यावर सोपविले आहे.

भुईआवळीचेच उदाहरण घेऊ. भंडारा जिल्ह्यात पावसाळ्यात धानाच्या धुऱ्यांवर ती विपुल उगवते. मात्र या एकाच नावाखाली अनेक जाती उपटल्या जातात. आयुर्वेदिक फार्माकोपियात तामलकी म्हणून फायलँथस फ्रॅटर्नस दिली आहे. तिच्या फुलाला सहा दले असतात. फायलँथस अमारसला पाच असतात. फायलँथस युरिनारियाची फळे बिनदेठाची व खरखरीत असतात. पंचांगाचे चूर्ण झाल्यावर हे भेद डोळ्यांना दिसत नाहीत. १९८८ मध्ये मद्रासच्या संशोधकांनी अमारसचा कावीळ-ब वरील उत्साहवर्धक परिणाम प्रसिद्ध केला. पुढे इतरत्र झालेल्या चाचण्यांत तो तसा आढळला नाही. नमुना जपलेला असेल, तर निदान कोणती जात वापरली, या प्रश्नाचे उत्तर देता येते.

नमुना करण्याची रीत सोपी आहे. लहान वनस्पती मुळासह, मोठ्या वृक्षाची फुलाफळांसह फांदी घ्यावी. जागेवरच दिनांक, गाव, जमीन, फुलाचा रंग, गंध, चीक व स्थानिक नाव लिहावे. वाळल्यावर रंग व गंध राहत नाहीत. वर्तमानपत्राच्या घडीत पाने पसरून, एखाददुसरे पान उलटे ठेवून, टिपकागदांसह लाकडी फळ्यांत आवळून दाबावे. आपल्याकडील दमट हवेत पहिले काही दिवस कागद रोज बदलावेत, अन्यथा बुरशी धरते. पूर्ण वाळलेला नमुना सुमारे ४२ × २८ सें.मी. जाड कागदावर टाके घालून बसवावा व उजव्या कोपऱ्यात माहितीपत्रक चिकटवावे. किडीसाठी पूर्वी पाऱ्याचे विषारी क्षार लावीत. ते दवाखान्यात नकोत. नमुना प्लॅस्टिक पिशवीत बंद करून आठवडाभर डीप फ्रीजमध्ये ठेवल्यास किडीचा बंदोबस्त होतो.

निश्चितीसाठी कुकच्या मुंबई इलाख्याच्या ग्रंथावर विसंबू नये. भंडारा तेव्हा मध्यप्रांतात होता. भारतीय वनस्पती सर्वेक्षणाने १९९६ ते २००१ या काळात प्रसिद्ध केलेले महाराष्ट्राच्या वनस्पतींचे खंड पाहावेत. शंका असल्यास संस्थेच्या पुणे येथील केंद्राचे वा महाविद्यालयीन वनस्पतिशास्त्र विभागाचे साहाय्य घ्यावे. कोका अभयारण्यात वा राखीव वनात परवानगीवाचून काहीही तोडू नये. दुर्मीळ वनस्पती तर कोठेही उपटू नये, छायाचित्रावर समाधान मानावे.

औषधनिर्मात्यांना आमची विनंती आहे की, कच्च्या मालाच्या प्रत्येक खेपेसोबत संकलकाकडून एक फुलाफळांसह नमुना मागावा व त्यावर खेपेचा क्रमांक लिहावा. पुढे औषधाच्या गुणाविषयी प्रश्न उद्भवल्यास पावतीपेक्षा हा कागदच अधिक उपयोगी पडेल. वैद्यांनीही यंदाच्या पावसाळ्यात नित्य वापरातील दहा वनस्पतींपासून प्रारंभ करावा.