एका कानसेनाचा जमाखर्च

दिवाळी आली की पेढीवर आयुष्य काढलेल्या माणसाला फराळाच्या आधी वह्या आठवतात. सांगलीच्या हळदीच्या पेठेत, मामांच्या अडत दुकानात, मी अडतीस वर्षे दिवाणजी होतो. लक्ष्मीपूजनाला नवी वही पुजायची तर जुन्या वहीतील शिल्लक आधी काढावी लागते. ती सवय काही सुटत नाही. म्हणून यंदा मनात आले की, हळदीचा हिशेब पुष्कळ झाला, आता गाण्याचा मांडून पाहावा. मी गवई नाही. मला सरळ सारेगमही धड म्हणता येत नाही. पण गेली सत्तर वर्षे मी गाणे ऐकत आलो आहे, आणि वाचकहो, तानसेनाला कानसेन नको का?

हिशेब आताच मांडण्याला कारण आहे. माझे कान चालले आहेत. ऐंशी ओलांडल्यावर त्यात नवल ते काय, असे कोणी म्हणेल. पण म्हातारपणी कान जातात ते एकदम नव्हे, वरच्या टोकाकडून जातात. बारीक, टोकदार आवाज आधी हरवतात. पाखरांची किलबिल जाते, बोलण्यातला 'स' जातो, मग नातवंडांचे बोलणे ऐकू येते पण उमगत नाही. हे सारे मी सोसले असते. पण एके दिवशी ध्यानात आले की तंबोऱ्याची जवारी गेली. मिरजेचे कारागीर तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली सुताचा एक बारीकसा दोरा सरकवतात, आणि ती तार नुसती वाजायची सोडून गुंजू लागते. एका तारेतून अनेक सूर उमलतात. ते वरचे सूर मला ऐकू येईनात. तार वाजल्याचे कळे, एवढेच. त्या दिवशी मी थोडा घाबरलो, हे सांगायला संकोच कसला?

तर आधी जमेची बाजू पाहू.

पहिली रक्कम सातारची. माझे बालपण मंगळवार तळ्याजवळच्या एका वाड्यात गेले. वाड्यात बिऱ्हाडे नऊ आणि रेडिओ एक, तोही मालकांच्या माडीवर. १ एप्रिल १९५५, रामनवमीचा दिवस. त्या दिवशी पुणे आकाशवाणीवरून गीतरामायण सुरू झाले आणि पुढे वर्षभर, आठवड्याला एक याप्रमाणे, ५६ गीते झाली. शब्द गदिमांचे, चाली सुधीर फडक्यांच्या. माडीचा जिना माणसांनी भरून जाई. बायका रेडिओला हळदकुंकू वाहत. मी बारा वर्षांचा होतो. आम्हा पोरांना जागा मिळे ती जिन्याच्या खालच्या पायरीवर, आणि तिथे पोचेपर्यंत निम्मे गाणे वाटेतच सांडलेले असे. शिवाय रेडिओची खरखर निराळी. खंबाटकीचा घाट चढून येताना आवाज दमत असावा, अशी आमची समजूत होती. तरी सबंध गीत आमचे पाठ होई. जो शब्द ऐकू येत नसे तो चालीवरून ओळखायचा, जी चाल बुडे ती शब्दावरून. वडील अभिमानाने म्हणत, "हा आपल्या औंधच्या शाळेतला मुलगा बरं का!" माडगूळकर जन्मले शेटफळ्यास, वाढले माडगुळ्यास आणि शिकले औंध संस्थानात.

त्याच औंधने मला दुसरे देणे दिले. तिथे अंतुबुवा आणि त्यांचे चिरंजीव गजाननबुवा जोशी यांनी शिवानंदस्वामींच्या पुण्यतिथीला, आश्विन वद्य पंचमीस, गाण्याचा उत्सव सुरू केला, तो १९४० साली. गजाननबुवा कंठाने गात तसेच व्हायोलिनवरही गात. 'गात' हा शब्द मी जाणून लिहिला आहे. तिकीट नाही, खुर्ची नाही. शेतावरून आलेला माणूस घोंगडी टाकून बसे आणि पहाटेपर्यंत हलत नसे. रागाचे नाव त्याला ठाऊक नसेल, पण समेवर मान मात्र चुकत नसे. शाहीर साबळेही आमच्याच जिल्ह्यातले, वाईजवळच्या पसरणीचे. २०२३ साली महाराष्ट्राने ज्या गीताला राज्यगीत म्हणून स्वीकारले, ते राजा बढ्यांचे गीत, श्रीनिवास खळ्यांची चाल, घरोघर पोचले ते साबळ्यांच्या खड्या आवाजात. तो आवाज ऐकायला मला आजही मशीन लागत नाही.

दुसरी रक्कम सांगलीची, आणि ती मोठी आहे. १९६२ साली मामांनी पत्र धाडले, "अक्षर चांगलं आहे, पेढीवर ये." कृष्णेच्या काठाकाठानेच मी खाली आलो म्हणायचे. सातारला पोवाडा आणि कीर्तन; सांगलीला नाटक. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली 'सीतास्वयंवर' केले ते याच गावी. 'शारदा' लिहिणारे देवल जवळच्या हरिपूरचे, 'मानापमान' आणि 'स्वयंवर' लिहिणारे खाडिलकर सांगलीचेच. बालगंधर्वांचे नागठाणेही इथलेच, पलूसकडचे. आमच्या सातारजवळही एक नागठाणे आहे, त्यामुळे सातारकर उगीच मिशीवर ताव देतात, पण ते निराळे.

मामांच्या घरात दोन पक्ष होते. मामा बालगंधर्वांचे, मामी मास्टर दीनानाथांच्या. दीनानाथांचा मुक्काम १९३० च्या सुमारास सांगलीत होता, आशाताईंचा जन्म १९३३ चा सांगलीचाच. त्यामुळे मामींना ते घरचेच वाटत. रात्री जेवणे झाली की फोनोला चावी दिली जाई आणि भांडण सुरू होई.

"गाणं कसं विजेसारखं अंगावर आलं पाहिजे," मामी म्हणत.

"अगं, विजेनं काय पिकतं? त्याला पाऊस लागतो," मामा म्हणत, आणि गंधर्वांची तबकडी चढवीत.

मी पक्ष घेतला नाही. ज्याच्या घरी जेवायचे त्याच्या दोन्ही बाजू राखाव्यात! पण खरे सांगायचे तर दोन्ही गाणी मला आपलीशी वाटली. गंधर्व शब्द कुरवाळून सोडतात. एकाच ओळीवर पाच वेळा येतात आणि पाचही वेळा ती नवी असते. दीनानाथ शब्दाला झेप घ्यायला लावतात. तान कुठे जाणार याचा अंदाज करावा, तो चुकावा, आणि चुकल्याचा आनंद व्हावा. मामींच्या पुढ्यात आणखी एक तबकडी नेहमी असे. सासरी निघालेल्या मुलीचे गाणे, पी. सावळारामांचे, वसंत प्रभूंच्या चालीतले, लताबाईंनी गायिलेले. पी. सावळाराम म्हणजे निवृत्ती रावजी पाटील, वाळवे तालुक्यातील येडेनिपाणीचे. ते गाणे लागले की मामी मुकाट्याने आत जात. मामी माहेरी क्वचितच गेल्या, हे मला पुष्कळ उशिरा समजले. त्यानंतर मी ती तबकडी त्यांच्यासमोर त्यांनी सांगितल्याखेरीज कधी लावली नाही.

आणि तिसरी रक्कम मिरजेची. अब्दुल करीम खाँसाहेब! २७ ऑक्टोबर १९३७ रोजी, मद्रासहून पाँडेचरीला जाताना, सिंगपेरुमाळकोइल या लहानशा स्टेशनात त्यांनी देह ठेवला. त्यांना मिरजेस आणून मिरासाहेबांच्या दर्ग्यात दफन करण्यात आले. तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता. माझे खाँसाहेब म्हणजे त्यांच्या उतारवयात ओडियन कंपनीने काढलेल्या तबकड्या. एका बाजूला सव्वातीन मिनिटे, बस्स. पण त्यातल्या झिंझोटीच्या ठुमरीत माणूस एक सूर लावतो आणि त्यावर इतका थांबतो की सव्वातीन मिनिटांत घाई म्हणून कुठे दिसत नाही. भीमसेनजी लहानपणी खाँसाहेबांची तबकडी ऐकून गाण्याच्या ओढीने घराबाहेर पडले, हे सर्वांना ठाऊक आहे. मी कुठे गेलो नाही, पेढीवरच राहिलो. पण दर उरुसाला दर्ग्यातल्या गाण्यास जाऊन बसत आलो.

इथे एका जुन्या वादाचा निकाल लावू द्या. "गाणे ऐकावे तर बैठकीत, तबकडी म्हणजे गाण्याचा फोटो," असे म्हणणारे जाणकार मला जन्मभर भेटले. त्यांचे म्हणणे खोटे नाही. पण गंधर्व, दीनानाथ, खाँसाहेब यांच्या भरातल्या बैठकी मला मिळणे शक्यच नव्हते. मला मिळाली खरखर, आणि तिच्या आडून डोकावणारा आवाज. त्या काळच्या तबकडीत तंबोरा जेमतेम उमटे. गवयाचा अर्धा आवाज मेणात राहून जाई. उरलेला आम्ही मनाने भरीत असू. अर्धे कानाने ऐकावे, अर्धे मनाने, ही आमची तालीम. ती उगाच झाली नाही, हे मला म्हातारपणी कळले.

आता नावे टाकायची बाजू. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेला पूर आला. आयर्विन पुलाशी पाणी ५७ फुटांवर गेले. गावभागातल्या आमच्या घराचा खालचा मजला पाण्याखाली होता आणि तबकड्यांची ट्रंक खालीच होती. पाणी ओसरल्यावर ट्रंक उघडली. ११० पैकी पुष्कळशा तडकल्या होत्या. बेचाळीस धड होत्या, पण त्यांच्यावरची नावाची वर्तुळे भिजून सुटली होती. शाई विरघळून सगळ्याच एकसारख्या काळ्या. मध्यभागी कंपनीचा कोरलेला आकडा दिसे, पण त्याची यादी कोणाजवळ? नातू म्हणाला, "आजोबा, आता कुठली कोणाची, कसं कळणार?"

गाळ धुऊन, सावलीत वाळवून आम्ही एकेक तबकडी लावली. कान तेव्हाही थकलेलेच होते. पण मौज अशी की, गाणे सुरू होण्याआधीच मी नाव सांगू लागलो. कोणत्या तबकडीला तिसऱ्या फेऱ्यात 'टक्' असा ओरखडा आहे, कोणती आरंभी पावसासारखी वाजते, हे मला पाठ होते. इतकी वर्षे ज्या खरखरीला शिव्या घातल्या, तिनेच माणसे ओळखून दिली. बेचाळीसपैकी एकोणचाळिसांची नावे लागली. नातवाने ती पांढऱ्या रंगाने लिहिली आहेत.

मग कानाचे मशीन आले. ते घालून पहिल्यांदा तंबोरा ऐकला तेव्हा तो थरथरत, मध्येच गटांगळ्या खात वाजला. मला वाटले, आटोपले. पण मिरजेच्या तपासणाऱ्या बाईंनी नीट समजावले. हे यंत्र बोलणे ऐकवण्यासाठी घडवलेले. स्वतःची शीळ दाबण्याची त्यात सोय असते. आणि तंबोऱ्याचा किंवा बासरीचा अखंड सूर म्हणजे आपलीच शीळ, अशी त्या बापड्याची समजूत होते. तो सूर दाबायला धावतो! बाईंनी गाण्यासाठी निराळी योजना बसवून दिली. एक कळ दाबली की यंत्र शहाणपणा करायचे थांबते. जवारी पुरती परत आली नाही, येणारही नाही. पण सूर स्थिर झाला. आता झिंझोटी लावली की घरातून आवाज येतो, "अहो, मशीनची कळ दाबली का?" ज्या समवयस्कांना मशीन लावल्यापासून गाणे नकोसे झाले आहे, त्यांना एवढेच सांगणे: ते मशीन पेटीत टाकून देऊ नका, बसवणाऱ्याला सांगा की मी गाणे ऐकणारा माणूस आहे.

आता शिल्लक. हरिपुरात हळदीची पेवे होती. जमिनीखाली अंधाऱ्या खड्ड्यात हळद भरायची, तोंड लिंपायचे, आणि वर्षे गेली तरी माल जसाच्या तसा निघायचा. २००५ च्या पुराने त्यांतली पुष्कळ पेवे निकामी केली, तेव्हा पेठेतली माणसे हळहळली. माझ्याजवळ जे गाणे आहे ते तसे पेवातले आहे. परवा नातीने विचारले, "आजोबा, तुमची सगळ्यांत आवडती दहा गाणी सांगा ना, मी एकत्र करून देते." मी विचार केला, आवडते कशाला म्हणावे? जे मशीन काढून, दिवा मालवून, अंथरुणावर पडल्यावर पहिल्या सुरापासून शेवटच्या सुरापर्यंत मनात वाजते, ते आवडते. या हिशेबाने दहा भरली नाहीत, सात निघाली. खाँसाहेबांची दोन, गंधर्वांची दोन, दीनानाथांचे एक, गीतरामायणातले एक, आणि एक मामींचे.

नातीने सातही गाणी तिच्या फोनवर शोधून काढली. खरखर पुसून स्वच्छ केलेली आहेत ती, फार सुरेख वाजतात. मला मात्र झिंझोटीत तिसऱ्या फेऱ्याला 'टक्' ऐकू येते. तिला ते येत नाही. ती म्हणते, "आजोबा, तिथे काहीच नाहीये." असू दे. सात गाणी आणि एक ओरखडा, मागील शिल्लक पुढे ओढली आहे.